गाडीत गेलेल्या कचऱ्याचे पुढे काय होते? : पालकांचे प्रश्न आणि उत्तरे

शाश्वत जीवनशैली लहान मुलांना कशी शिकवावी, याविषयी मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत ‘मुलाला काय सांगावे?’ अशी विचारणा आहे. ‘मुलाला काय करू द्यावे?’ असे विचारणारी पत्रे फार थोडी आहेत. आठ-नऊ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे असे आमचे मत असल्यामुळे पुढील उत्तरांत सांगण्यापेक्षा करण्याचा भाग जास्त आढळेल. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिच्या शाळेने ‘टाकाऊतून टिकाऊ’ वस्तू करून आणण्यास सांगितले. घरात रिकामी बाटली नव्हती, म्हणून आम्ही शीतपेयाची भरलेली बाटली आणली, पेय ओतून दिले आणि चमकी व रंगीत फोम विकत आणून त्यावर चिकटवले. बक्षीस मिळाले, पण ते सगळे आम्ही नवरा-बायकोने रात्री जागून केले होते. या वयाच्या मुलीला खरोखर काय शिकवता येते? — एक आई, नाशिक

उत्तर : आपण जे लिहिले आहे ते अनेक घरांत घडते, फक्त ते कोणी लिहून कळवत नाही. चमकी आणि फोम चिकटवलेली बाटली रद्दीवालाही घेत नाही, कारण त्यातले प्लॅस्टिक वेगळे काढता येत नाही. म्हणजे जी बाटली निदान भंगारात गेली असती, ती या प्रकल्पामुळे कायमची कचऱ्यात गेली. शाळेचा हेतू चांगला असतो हे मान्य करूनही, पुढच्या वेळी ‘घरात आधीपासून असलेलीच वस्तू आणावी आणि मुलाने स्वतः जेवढे करता येईल तेवढेच करावे’ अशी सूचना आपण शिक्षिकेकडे अवश्य करावी. चार पालकांनी मिळून हे सांगितले तर शाळा सहसा ऐकतात.

आता मुख्य प्रश्न. या वयाच्या मुलाला प्रमाणाची आणि काळाची जाण मोठ्यांसारखी नसते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिले, की रुंद पेल्यातले पाणी मुलाच्या डोळ्यांदेखत उंच आणि अरुंद पेल्यात ओतले, तर साधारण सात वर्षांखालील मूल पाणी वाढले असेच सांगते. अशा मुलीला ‘आपण रोज इतके लिटर पाणी वाया घालवतो’ हे वाक्य कितीही कळकळीने सांगितले, तरी त्यातून तिच्या हाती काही लागत नाही. त्याऐवजी तिने दात घासताना नळ चालू ठेवला, तर त्या नळाखाली एक बादली ठेवा. घरच्या साध्या नळातून मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी सहज येते, त्यामुळे तिचे दात घासून होईपर्यंत बादली बरीच भरलेली असेल. काही बोलू नका, रागावू नका. ती बादली दोघींनी मिळून उचला आणि झाडांना घाला. दुसऱ्या दिवशी तिच्या हाती पाण्याने भरलेला एक तांब्या द्या आणि तेवढ्यात दात घासून होतात का, ते पाहू द्या.

दुसरे काम दुधाच्या पिशवीचे. आपण पिशवीचा कोपरा कात्रीने कापून वेगळा करतो. तो इवलासा त्रिकोण ओट्यावरून मोरीत किंवा भाजीच्या सालींत जातो आणि इतका लहान असतो, की पुढे कचरा निवडणाऱ्यांच्या हाती तो लागत नाही. कोपरा पूर्ण न कापता एका बाजूने पिशवीला लागलेला राहू द्यावा, हे मोठ्यांनी करायचे. आणि तो लागलेला आहे ना, हे पाहण्याचे काम मुलीकडे द्यायचे. मुले अशी तपासणी किती काटेकोरपणे करतात, ते पाहून आपल्याला गंमत वाटेल. पिशवी थोड्या पाण्याने विसळून ते पाणी कणकेत घालावे, पिशवी चिमट्याने दोरीवर उलटी टांगावी आणि महिनाअखेर गठ्ठा बांधून रद्दीवाल्याकडे तिच्या हातानेच तोलून द्यावा. दुधाच्या पिशव्यांना रद्दीवाल्याकडे भाव मिळतो. स्वयंपाकघरातून निघालेली वस्तू कोणाच्या हाती जाते आणि तिची किंमत होते, हे तिला या एका कामात शेवटपर्यंत दिसते. साडेचार वर्षांच्या मुलीला एवढे पुरेसे आहे, आणि रोज करायचे म्हटले तर आपल्यालाही ते कमी पडणार नाही.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलाला शाळेत बर्फ वितळण्याची आणि अस्वलांची चित्रफीत दाखवली. तेव्हापासून तो रात्री ‘आपण सगळे मरणार का?’ असे विचारतो. विषय टाळावा की समजावून सांगावा? — एक वडील, कोल्हापूर

उत्तर : टाळू नये, कारण आपण टाळले तरी तो विचार करणारच आहे, आणि मग तो एकटा करील. ‘नाही, आपण मरणार नाही, आई-बाबा इथे आहेत,’ हे पहिले उत्तर स्पष्टपणे आणि लगेच द्यावे. सात वर्षांच्या मुलाला ‘शंभर वर्षांनी’ आणि ‘पुढच्या आठवड्यात’ यांतले अंतर नीट उमगत नाही. त्याच्या कल्पनेत पाणी आज रात्रीच जिन्यापर्यंत येणार असते. चित्रफितीत त्याने नेमके काय पाहिले, हे त्याला चित्र काढून दाखवायला सांगा. भीती कशाची आहे ते चित्रात कळते. पुष्कळदा ती पृथ्वीची नसून पिल्लू आईपासून तुटल्याची असते.

त्यानंतर त्याला असे काही दाखवा, ज्यात माणसांनी बिघडलेली गोष्ट दुरुस्त केली आहे आणि जे आपल्या आवाक्यात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या अंडी घालून समुद्रात परत जातात. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात. पूर्वी ही अंडी कुत्री-कोल्ही उकरून खात आणि माणसेही नेत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने तेथे संरक्षणाचे काम सुरू केले आणि गावकऱ्यांनी ते उचलून धरले. आता अंडी सापडली की ती जाळीच्या कुंपणात, तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरली जातात. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले वाळूतून वर येतात आणि सकाळ-संध्याकाळच्या सौम्य उन्हात किनाऱ्यावर सोडली जातात. पिल्लाला उचलून पाण्यात टाकत नाहीत, त्याला वाळूवरून स्वतः चालू देतात. हंगामात, साधारण फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, पर्यटकांनाही हे दुरून पाहता येते. कोल्हापूरहून हा प्रवास लांबचा असला तरी एका सुट्टीत बसतो.

शाळेशीही बोलावे. तक्रारीच्या सुरात नको, पण चौथीपर्यंतच्या वर्गांत आपत्तीची दृश्ये दाखवण्यापूर्वी पालकांना कळवावे, एवढी मागणी रास्त आहे. एक गोष्ट मात्र आपल्या घरातली : संध्याकाळच्या बातम्यांत पूर, वणवे आणि दरडी मोठ्या आवाजात चालू असतील आणि मूल त्याच खोलीत जेवत असेल, तर एकट्या चित्रफितीला दोष देता येणार नाही.

प्रश्न : आम्ही घरी ओला आणि सुका कचरा काटेकोरपणे वेगळा करतो. मुलगा सहा वर्षांचा आहे. सुका डबा त्याच्याकडे आहे. परवा तो माझ्याबरोबर खाली आला आणि दोन्ही डबे गाडीत एकत्र ओतलेले त्याने पाहिले. ‘मग आपण कशाला वेगळे करतो?’ या प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. — एक आई, घाटकोपर, मुंबई

उत्तर : या वेळी आलेल्या पत्रांत हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. ‘ते पुढे जाऊन वेगळे करतात’ असे खात्री नसताना सांगून वेळ मारून नेऊ नये. मुलाने डोळ्यांनी पाहिले आहे. त्याला ‘गाडीत एकत्र झाले, हे चुकीचे झाले’ असे सरळ सांगावे. घरातली माणसे बरोबर वागत असताना बाहेरची व्यवस्था चुकू शकते, हे सहा वर्षांच्या मुलाला कळते. आपण खोटे बोललो, हे मात्र त्याला त्याहून लवकर कळते.

मग प्रश्न त्याच्यासह पुढे न्यावा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांपासून घरातला कचरा वेगळा करून देणे नागरिकांवर, आणि तो वेगळा उचलणे स्थानिक संस्थेवर बंधनकारक आहे. प्रथम गाडीवरच्या कामगारांना शांतपणे विचारा. काही गाड्यांना आत कप्पे असतात, काही ठिकाणी सुक्या कचऱ्याची गाडी ठरावीक दिवशीच येते आणि सोसायटीला ते कोणी सांगितलेले नसते. तसे नसेल, तर सोसायटीच्या सभेत विषय काढा आणि विभाग कार्यालयाला पत्र लिहा. पत्रातले एक वाक्य मुलाला सांगू द्या आणि ते त्याच्याच शब्दांत लिहा. उत्तर आले तर त्याला वाचून दाखवा; नाही आले तर महिन्याने दुसरे पत्रही त्याच्या समोर लिहा.

उत्तराची वाट पाहताना गाडीत जाणारा कचराच कमी करता येतो. कागद, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या थेट रद्दीवाल्याकडे जाऊ द्याव्यात. ओल्याचे घरी खत करावे (पुढील उत्तर पाहावे). ओल्यात भिजलेल्या कागदाला आणि पुठ्ठ्याला भंगारात किंमत राहत नाही, म्हणून वेगळे करण्याचा पहिला लाभ तो कचरा हाताळणाऱ्या माणसांना होतो, हेही मुलाला सांगावे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना उभी केली आणि पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था झाली. घरोघरी जाऊन वेगळा केलेला कचरा गोळा करणे हे तिच्या सभासदांचे रोजचे काम आहे. फुटकी काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून वर लिहून देणे, सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढणे, या गोष्टी या माणसांचे हात वाचवतात. ठिपका काढण्याचे काम मुलाकडे देण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही. गाडीवरच्या काकांना नावाने हाक मारायला तो शिकला, तर त्यालाही पर्यावरणाचेच शिक्षण म्हणावे.

आपल्या शहरातली देवनारची कचराभूमी १९२७ मध्ये सुरू झाली. मुलगा थोडा मोठा झाला की नकाशावर घर आणि देवनार यांमधले अंतर त्याच्या बोटाने मोजून घ्यावे. ‘कचरा टाकला’ म्हणजे कुठे टाकला, हे घाटकोपरच्या मुलाला तरी माहीत असायला हवे.

प्रश्न : सदनिकेच्या लहानशा गॅलरीत खत करायचा प्रयत्न केला. वास आला, अळ्या झाल्या, शेजाऱ्यांनी तक्रार केली. मुलांना (वय ५ आणि ८) फार उत्साह होता, म्हणून पुन्हा करावेसे वाटते. — एक पालक, ठाणे

उत्तर : पुन्हा अवश्य करा. वास येण्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : पाणी जास्त आणि हवा कमी. आपल्याकडचा ओला कचरा, म्हणजे भाजीची देठे, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, फारच ओला असतो. तो तसाच दाबून ठेवला की हवेशिवाय कुजतो आणि घाण येते. जेवढा ओला कचरा, आकारमानाने निदान तेवढेच कोरडे त्यात पडले पाहिजे : वाळलेला पाला, नारळाच्या शेंडीचा भुसा किंवा लाकडाचा भुसा. पाच वर्षांच्या मुलाला हेच काम द्यावे. आईने एक वाटी साली टाकल्या की त्याने मोजून एक वाटी पाला टाकायचा.

झाकणाच्या बादलीला किंवा मातीच्या माठाला तळाशी आणि बाजूंना भोके पाडा, तळात नारळाच्या शेंड्या पसरा, खाली ताटली ठेवा. साली बारीक चिरून टाकल्या तर लवकर कुजतात. सुरुवातीला मूठभर जुने खत किंवा आंबट ताकाचा हबका विरजणासारखे काम करतो. आठवड्यातून दोनदा खुरप्याने खालचे वर करा. हे आठ वर्षांच्या मुलाचे काम. ओल बरोबर आहे का, हे त्याने मुठीत दाबून पाहावे : एखाद-दुसरा थेंब सुटला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवायचा, आणि मुठीत गोळाच बनला नाही तर पाणी शिंपडायचे. मुंग्या झाल्या तर ते फार कोरडे झाल्याचे लक्षण समजावे. तेलकट उरलेले अन्न, मांस आणि हाडे सुरुवातीला टाळावीत.

अळ्यांविषयी : त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, अन्नावर बसून रोग पसरवणाऱ्या घरमाशीच्या नव्हेत आणि कचरा झपाट्याने खातात. मुलांना भिंग द्या. शेजाऱ्यांना मात्र भिंग देऊन भागणार नाही. त्यांच्यासाठी वर दोन बोटे पाल्याचा थर आणि घट्ट बसणारे झाकण ठेवा, आणि पहिले खत तयार झाले की त्यांच्या तुळशीला एक ओंजळ नेऊन द्या. साधारण दीड-दोन महिन्यांत खत काळे, भुसभुशीत आणि पावसाच्या मातीसारख्या वासाचे होते.

चाळणीतून चाळताना एक गोष्ट मुलांच्या लक्षात आणून द्यावी लागत नाही, त्यांना ती आपोआप सापडते : सफरचंदावरचा चिकटपट्टीचा छोटा शिक्का. साल विरून गेली, देठ विरले, आणि तो शिक्का रंगासह जसाच्या तसा चाळणीत राहिला. प्लॅस्टिक कुजत नाही, हे यापुढे कोणत्याही तक्त्यावरून शिकवावे लागणार नाही. खताला हात लावल्यावर साबणाने हात धुणे तेवढे सक्तीचे ठेवावे.

प्रश्न : आम्ही जर्मनीत राहतो. तेथे रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात घातल्या की पैसे परत मिळतात. माझ्या मुलीचा (वय ६) तो आवडता उद्योग आहे. पुण्याला आजीकडे आलो की ती यंत्र शोधते. तिला काय सांगू? — एक आई, म्युनिक

उत्तर : पुण्यात ते यंत्र सायकलवरून किंवा हातगाडीवरून येते आणि ‘भंगाऽऽर’ अशी हाक देते, असे सांगावे. जर्मनीत एकदा वापरून टाकायच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत आधीच घेतलेली असते आणि ती परत मिळते. आपल्याकडे अनामत नसते, वजनावर भाव मिळतो. तिने आजीबरोबर बाटल्या जमवाव्यात, काट्यावर तोलताना पाहावे आणि मिळालेले पैसे स्वतः मोजून घ्यावेत. जर्मनीतले पैसे तिला कमाई वाटत असतील, तर ते आपण आधी भरलेलेच होते, हेही एकदा सांगून टाकावे. यंत्राशी घासाघीस करता येत नाही, हा फरक आजी तिला समजावून देतीलच.

प्रश्न : माझा नातू आठ वर्षांचा आहे. शाळेत पर्यावरणाची शपथ घेतल्यापासून तो सगळ्यांना ओरडतो. मावशी प्लॅस्टिकच्या पिशवीतून फळे घेऊन आली, तर ‘तुम्ही पृथ्वीला मारता’ असे दारातच म्हणाला. सुनेला कौतुक वाटते, मला लाज वाटली. मी जुन्या काळची आहे. माझे चुकते का? — एक आजी, सांगली

उत्तर : आजी, आपले चुकत नाही. आपल्या मताशी सूनबाईंचे कौतुकही जुळवता येईल. मुलगा मनापासून बोलतो, हे कौतुकाचेच. पण दारात आलेल्या माणसाचा अपमान करण्याचा परवाना शपथेने मिळत नाही. त्याच्याशी एक साधा करार करावा : स्वतःच्या वस्तूंविषयी त्याने निर्णय घ्यायचा, घरातल्या माणसांना आठवण करून द्यायची, आणि पाहुण्यांना फक्त मदत करायची. मावशी निघताना तिच्या हाती त्याने घरातली कापडी पिशवी ठेवली, तर ती पुढच्या वेळी ती घेऊन येण्याची शक्यता बरीच आहे.

मुलांचा मोठ्यांवर प्रभाव पडतो, यात शंका नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १० ते १४ वर्षांच्या मुलांना शाळेत हवामानबदलाविषयी शिकवल्यावर त्यांच्या पालकांची या प्रश्नाविषयीची आस्थाही वाढली, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. विशेष म्हणजे मुलींच्या बोलण्याचा वडिलांवर चांगलाच परिणाम झाला होता. तो अभ्यासक्रम मुलांनी पालकांशी बोलावे, त्यांना प्रश्न विचारावेत, अशा रीतीने आखला होता. नातवाने आपल्याला प्रश्न विचारले, तर त्याला पुष्कळ काही सापडेल. जुन्या लुगड्याची गोधडी कशी होते, बोहारीण कपड्यांच्या बदल्यात भांडी कशी देत असे, भांड्यांना कल्हई का लावत, हे त्याने विचारावे आणि आपण सांगावे. सांगून थांबू नये. सुई-दोरा त्याच्या हाती द्यावा. आठ वर्षांच्या मुलाला धावदोरा येतो, टाके वाकडे पडले तरी गोधडी उबदारच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आवश्यक वाटते. ‘पूर्वी सगळे कसे शाश्वत होते’ असे म्हणण्याची सध्या पद्धत पडली आहे. ते जे काही होते, ते बहुतांशी आपल्यासारख्या स्त्रियांच्या कष्टांवर चालत होते, आणि त्यांतल्या कित्येकींपुढे दुसरा पर्याय नव्हता. तेच काम नव्या नावाने पुन्हा एकट्या सुनेच्या गळ्यात पडू नये. पिशव्या धुणे, खत पालटणे, रद्दी बांधणे यांत नातवाच्या वडिलांचा वाटा किती, हेही आपण विचारावे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी विचारले, तर त्याला उत्तर द्यावे लागते.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात अंगणवाडी सेविका आहे. माझ्याकडच्या निम्म्या मुलांचे आई-वडील ऊसतोडीला जातात. मुले आजी-आजोबांकडे राहतात किंवा पालकांबरोबर जातात. ‘पाणी वाचवा’ हे गाणे आम्ही म्हणतो, पण उन्हाळ्यात हीच मुले टँकरपुढे रांगेत उभी असतात. त्यांना मी काय शिकवू, आणि पालकांची मदत कशी घेऊ? — एक सेविका

उत्तर : ताई, ज्या मुलाने हंडा उचलला आहे त्याला पाणी वाचवण्याचे गाणे शिकवणे निरर्थक आहे, हे आपण ओळखले आहे. त्या मुलांना पाण्याविषयी शहरातल्या मुलांपेक्षा अधिक कळते. आपण ते त्यांच्याकडून बोलून घ्यावे. भांडी धुतलेले पाणी कुठे जाते, शेळीला किती लागते, हंड्यात पाणी हिंदकळू नये म्हणून आजी काय घालते, हे त्यांनी सांगायचे आणि आपण फळ्यावर चित्र काढायचे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा विकत आणलेल्या साहित्यावाचून त्यांचे काही अडले नाही. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळाच अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने, खडे यांवर मोजणी आणि वर्गीकरण शिकवले. ‘अंगणवाडी’ ही कल्पना तेथूनच आली. ज्यांना हल्ली ‘शून्य-कचरा शैक्षणिक साधने’ म्हणून शहरात भारी किमतीला विकतात, ती आपल्या अंगणात पडलेली आहेत.

पालकांच्या मदतीसाठी पावसाळ्याचे महिने धरावेत, कारण तेव्हा बहुतेक जण गावात असतात. सरळ बाजूंची एक पारदर्शक बाटली घ्या, तिचा वरचा भाग कापून तोच उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा, तळाच्या खाचा बुजतील इतके खडे आणि पाणी घालून तेथे पहिली रेघ ओढा, आणि बाटली उघड्यावर विटांच्या आधाराने उभी ठेवा. हे झाले पर्जन्यमापक. दर सकाळी आठ वाजता एका मुलाने, घरच्या एका माणसाबरोबर येऊन, रेघेच्या वर पाणी किती बोटे आहे ते दाखवायचे. त्या मोठ्या माणसाने पट्टीने मिलिमीटर मोजून वहीत लिहायचे आणि बाटली पहिल्या रेघेपर्यंत रिकामी करायची. लिहिता न येणाऱ्या आजोबांनी रेघा ओढल्या तरी चालेल. मुलांना मिलिमीटर कळणार नाहीत, बोटे कळतील. मोठ्यांना मात्र हिशेब सांगावा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. दहा चौरस मीटरच्या पत्र्यावर दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर शंभर लिटर पाणी आले, म्हणजे दोनशे लिटरचे अर्धे पिंप भरले. अंगणवाडीच्या छपराला पन्हाळ लावून खाली पिंप ठेवण्याचा विषय या हिशेबानंतर कोणीतरी पालकच काढतील, आणि पन्हाळ ठोकायला येणारे हातही त्यांचेच असतील. पहिल्या पावसाचे पाणी पत्रा धुऊन येते म्हणून ते सोडून द्यावे. पुढचे धुण्याभांड्यांसाठी आणि परसबागेसाठी वापरावे, पिण्यासाठी नको. पिंपावर घट्ट झाकण किंवा जाळी हवीच, नाहीतर डास होतील आणि लहान मुलांना धोकाही राहील.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कोणते पीक घ्यायचे ते ठरवते. आपली वही त्याच जातीची आहे, फक्त लहान. टोळ्या निघण्यापूर्वी, दसऱ्याच्या सुमारास, पालकांची सभा घ्या आणि चार महिन्यांच्या नोंदी तेथे वाचून दाखवा. जी मुले पालकांबरोबर कारखान्याच्या तळावर जाणार असतील, त्यांच्याबरोबर एक कापलेली बाटली आणि कोरी वही द्यावी. परतीचा पाऊस तेथेही पडतो.